हुआन दे पारेहाची नक्कल: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

कुणाची नक्कल करायची हे ठरवण्यातच पंधरा दिवस गेले. रेम्ब्रांटचं उतारवयातलं एखादं आत्मचित्र घ्यायचं असा माझा हट्ट होता. सरांनी तो दोन वाक्यांत मोडीत काढला. "त्याचे थर मोजत बसशील आणि चेहरा राहून जाईल. वेलास्केझ घे, त्याने जे केलंय ते सगळं वरच दिसतंय."

म्हणून हुआन दे पारेहा. वेलास्केझ हा सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार; १६४९ ते १६५१ या काळात तो दुसऱ्यांदा इटलीत होता, तेव्हा रोममध्ये १६५० साली केलेलं हे चित्र. पोप इनोसंट दहावा याला रंगवण्याआधी हात मोकळा करून घ्यावा म्हणून त्याने हे केलं, असं त्याचा चरित्रकार पालोमिनो सांगतो. म्हणजे मी ज्याची नक्कल करणार ते मुळात सरावचित्रच. हे वाचून मला उगाच धीर आला.

पारेहा हा वेलास्केझचा गुलाम. स्टुडिओत त्याचा मदतनीस, आणि स्वतःही चित्रकार. चित्रात राखाडी-हिरवे कपडे, पांढरी लेसची कॉलर, एक हात पोटाशी आडवा. शरीर वळलेलं, पण नजर थेट आपल्यावर. नजर चुकवायची झाली तर आपणच चुकवायची.

निवडीमागे आणखी एक कारण आहे. पोर्ट्रेट शिकवणाऱ्या माझ्याकडच्या तिन्ही पुस्तकांत चेहरे गुलाबी. बाजारात 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब मिळते, तीही गुलाबी. माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाचा चेहरा त्या ट्यूबमधून निघणार नाही. सावळा चेहरा मोठ्या माणसाने कसा रंगवला, ते एकदा हाताने समजून घ्यायचं आहे.

६ ऑगस्ट

मूळ चित्र ८१.३ × ६९.९ सेंमी. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांना एक नियम असतो: नक्कल मुळापेक्षा किमान एक पंचमांश लहान किंवा मोठी हवी, म्हणजे उद्या कुणी ती खरी म्हणून खपवू नये. माझं चित्र खरं म्हणून खपण्याची धास्ती कुणालाच नाही, तरी नियम पाळला. कॅनव्हास ६५ × ५६ सेंमी. प्रत्येक माप गुणिले ०.८.

मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. २०१७ पासून त्यांनी हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली सगळ्यांना मोफत खुल्या केल्या, तिथूनच उतरवून घेतलं. प्रिंट काढली तर सगळा चेहरा विटकरी आला. तेव्हा रेखाटनासाठी प्रिंट आणि रंगासाठी स्क्रीन असं ठरवलं. खोटं दोघंही बोलतात, निदान वेगवेगळं बोलतात.

कॅनव्हासवर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, मध्ये सँडपेपर. सुकल्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोडा काळा पातळ करून सगळीकडे पुसून घेतला. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग गडद वाटतो आणि पहिल्या तासातच अंदाज चुकतो, हे मागच्या दोन चित्रांत भोगून झालंय.

पॅलेटवर पाच रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. निळा नाही, हिरवा नाही. "मग कपड्यांचा हिरवा कुठून आणू?" तर सर म्हणाले, "काळ्यात ऑकर घालून बघ." बघितला. शेवाळी हिरवा, अगदी हवा तसा. काळ्यात पांढरा मिसळून ऑकरशेजारी ठेवला तर तो चक्क निळसर दिसतो. एवढी वर्षं ट्यूबवरची नावं वाचून रंग घेत होते.

९ ऑगस्ट

ग्रिड आखून रेखाटन. प्रत्येक चौकोन बरोबर आणि सगळं मिळून चूक, हे कसं होतं ते आज कळलं. दोन्ही डोळे सारखे काढले होते. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा आखूड दिसतो आणि नाकाच्या उंचवट्याआड थोडा जातो. चौकोनात तो तसाच दिसत होता. पण हात डोळा 'दुरुस्त' करत होता, कारण डोळे सारखे असतात हे मला माहीत आहे ना!

आरशात बघितल्यावर चूक दिसली. कॅनव्हास आणि प्रिंट दोन्ही उलटी टांगून पुन्हा काढलं. उलट्या चेहऱ्याला डोळे नसतात, नुसते आकार असतात.

१२ ऑगस्ट

अंबरने अंडरपेंटिंग, म्हणजे रंगाआधीचा एकरंगी थर. पातळ रंग सगळीकडे, मग चिंधीने उजेडाच्या जागा पुसून काढायच्या. दोन तासांत झालं आणि छान झालं. इतकं छान की पुढे भीती वाटायला लागली.

(चिंध्यांबद्दल एक: जवसाचं तेल उडून सुकत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आपोआप पेटू शकतो. मी पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकते.)

१७ ऑगस्ट

पहिला रंग. पूर्ण फसला.

चेहऱ्यासाठी अंबर, लाल आणि ऑकर यांचं एक सावळं मिश्रण करून ठेवलं, त्यात पांढरा घालून उजेड, काळा घालून सावली. तीन तासांनी कॅनव्हासवर मातीचा मुखवटा बसला होता. प्रत्येक भाग तपकिरी, आणि सगळा मिळून मेलेला.

सरांना फोटो पाठवला. उत्तर एका ओळीचं: "सुरीवर रंग घे आणि चित्राला लाव."

म्हणजे असं. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरून स्क्रीनचा उजेड इतका कमी करायचा की स्क्रीनवरचा पांढरा आणि कागद सारखे दिसतील. मग पॅलेट नाइफच्या टोकावर रंग घेऊन तो स्क्रीनवरच्या त्या जागेसमोर धरायचा आणि डोळे बारीक करायचे. ठिपका विरून गेला तर टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, बरोबर.

कपाळाच्या उजेडासाठी केलेला माझा रंग धरला. भोक पडावं तसा काळा दिसला. पांढरा घातला, पुन्हा धरला. आणखी घातला. पाचव्या वेळी कुठे जवळ आला, आणि तेव्हा सुरीवर जे होतं त्याला सावळं म्हणायला मी धजले नसते. जवळजवळ राखाडी, ऑकरचा अंश, लाल नावापुरता. त्या चेहऱ्यातला तो सगळ्यात उजळ भाग, आणि तो सावळा दिसतो तो कॉलर त्याहून कितीतरी पांढरी आहे म्हणून. मी माणूस सावळा आहे हे वाचून रंग केला होता, बघून नाही.

राग आला तो याचा, की गुलाबी पुस्तकांना नावं ठेवून मी तपकिरी ट्यूब तयार केली होती.

१८ ऑगस्ट

सगळा चेहरा खरवडला.

२० ऑगस्ट

चेहऱ्याचे नऊ ठिपके, नुसते टोन जुळवून: कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, डोळ्यांखालचा भाग, जबड्याची सावली वगैरे. प्रत्येक ठिपका प्रिंटच्या कडेला लावून ठेवला. रात्री दिव्याखाली आणखी दोन तास काम करून खूश होऊन झोपले.

सकाळी बघते तर रात्री केलेला गाल निळसर, आजारी माणसाचा. पिवळ्या दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं, म्हणून माझा हात ते मारायला थंड रंग घालत गेला. दिवा बंद, उजेड आला, पिवळं गेलं, थंड रंग तेवढे राहिले. यापुढे रंग फक्त दिवसाउजेडी. रात्री वाचन आणि ब्रश धुणं.

२६ ऑगस्ट

चेहरा पुन्हा आकाराला येतोय, तरी काहीतरी खडूसारखं आहे. हा दोष टायटॅनियमचा. वेलास्केझच्या हाती तो नव्हताच, विसाव्या शतकात आला. त्याचा पांढरा शिशाचा, आणि शिरजोर नाही. टायटॅनियमचा थेंब पडला की मिश्रणातला सगळा जीव तो खाऊन टाकतो. शिशाचा पांढरा विषारी, तो मला हाताळायचा नाही. वेलास्केझच्या रंगांत कॅल्साइट, म्हणजे खडूचाच भाऊबंद, सापडतो. त्याने रंग पारदर्शक होतो, पण पांढरा होत नाही. म्हणून टायटॅनियममध्ये थोडी कॅल्शियम कार्बोनेटची पूड आणि तेल घोटून बघितलं. पांढरा मवाळ झाला. खडूपणा घालवायला खडू, हे कुणाला सांगून पटणार नाही.

३१ ऑगस्ट

सर येऊन गेले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी डोळ्यावर काम करत होते, शून्य नंबरच्या ब्रशने, वरच्या पापणीची कड.

"काय करतेयस?"

"पापणी, सर."

"त्याने काढलीय?"

स्क्रीन मोठी करून बघितली. पापणीची रेघ नाहीच. गडद खोबण आहे, तिच्यात बुबुळाचा काळा मिसळून गेलाय, आणि खाली एक फिकट फटकारा, तो खालच्या पापणीचा ओलावा.

"डोळा काढू नकोस. खोबण काढ, डोळा आपोआप तिच्यात बसेल," असं म्हणून त्यांनी माझा बारीक ब्रश खिशात घातला आणि खरंच घेऊन गेले. जाताना सांगितलं की आता सहा नंबरच्या खाली काही वापरायचं नाही.

सहा नंबरचा फिल्बर्ट, म्हणजे गोल टोकाचा चपटा ब्रश, डुकराच्या केसांचा, राठ. त्याने डोळा करायचा म्हणजे बोटांत हातमोजे घालून सुई ओवण्यासारखं. तीन वेळा पुसलं. चौथ्या वेळी खोबणीचा गडद रंग एका फटक्यात ठेवला, ओल्यातच खालचा फिकट फटकारा टेकवला आणि हात मागे घेतला. पाच पावलं मागे गेले. तो बघत होता.

जवळ गेले की पुन्हा दोन डाग.

५ सप्टेंबर

कॉलर. यावर मला नेहमीपेक्षा जास्त लिहायचंय, कारण चार दिवस एवढंच केलं.

मागे उभं राहिलं की लेसची वीण दिसते, टोकं दिसतात, कापडाचा ताठपणा दिसतो. म्हणून पहिल्या दिवशी मी वीण काढली. छोटी भोकं, भोवती पांढरे कंगोरे. केक सजवल्यासारखी कॉलर झाली. खरवडली.

दुसऱ्या दिवशी फाइल पूर्ण मोठी करून कॉलरवरून इंच इंच फिरले. भोकं नाहीतच. आधी एक करडा रंग सपाट पसरलाय. त्यावर जाड पांढऱ्याने भरलेला ब्रश आडवा धरून ओढलाय. जिथे ब्रश जड होता तिथे पांढरा ढीग, पुढे ओढताना रंग संपत गेला तिथे कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे तेवढे पांढरे झाले आणि खळग्यांत खालचा करडा उरला. तो उरलेला करडा म्हणजे लेसची भोकं. त्याने लेस विणली नाही, ब्रश कोरडा पडू दिला.

आता हे करायला कॅनव्हासची वीण हवी, आणि माझी वीण जेसोखाली अर्धी बुजलेली. शिवाय खालचा करडा ओला असेल तर पांढरा त्यात चिखल होतो. करडा लावून दोन दिवस थांबले. मग पांढऱ्यात तेल न घालता तो कागदावर काढून ठेवला, म्हणजे कागद जादाचं तेल शोषतो आणि रंग घट्ट होतो. ब्रश भरला, श्वास धरला, ओढला.

पहिल्या ओढीत टोकाचा कंगोरा असा काही जमला की मी तिथेच थांबायला हवं होतं. शेजारी तसाच दुसरा काढायला गेले आणि पहिल्यावर कोपर टेकलं. मॉलस्टिक नावाची टेकू देणारी काठी खुंटीला टांगलेली होती. ती तिथूनच माझ्याकडे बघत होती.

शेवटी जे आहे ते त्याच्या कॉलरइतकं हलकं नाही. त्याच्यापेक्षा माझे फटकारे दुपटीने जास्त असतील. पण भोक एकही काढलेलं नाही.

११ सप्टेंबर

केसांतला आणि दाढीतला काळा सुकून फिका पडला. रंग उतरलेला नाही, खालच्या थराने तेल शोषून घेतलं की वरचा थर मंद होतो आणि गडद जागा राखाडी दिसते. मी त्या राखाडीशी जुळवून शेजारचा गाल उजळ करत सुटले होते. थेंबभर तेल बोटाने चोळून चिंधीने पुसून घेतलं तर काळा परत खोल झाला, आणि गाल भलताच पांढरा निघाला. यापुढे काम सुरू करण्याआधी तेल चोळणं हे पहिलं काम. आयव्हरी ब्लॅक सुकायलाही आळशी. अंबर मिसळला तर लवकर सुकतो, त्यात मँगनीज असतं.

१५ सप्टेंबर

कपडे आणि पार्श्वभूमी. पार्श्वभूमी सोपी असेल या समजुतीने एका सकाळी उरकायला घेतली. उरकली नाही, पण तिच्याबद्दल फार सांगण्यासारखंही नाही: पातळ रंग, मोठा ब्रश, इकडून तिकडून. एक कळलं. मूळ चित्राच्या कॅनव्हासची काही पट्टी पूर्वी मागे दुमडून ठेवलेली होती. मेट्रोपॉलिटनने १९७१ मध्ये चित्र मिळवलं, साफ केलं, तेव्हा ती उलगडली आणि माणूस चौकटीच्या मधोमध राहिला नाही. त्याच्यापुढे मोकळी जागा आली. मी ती जागा रिकामी म्हणून भराभर भरत होते. आता तिथे हवा आहे असं समजून भरते आहे.

२१ सप्टेंबर

पालोमिनो लिहितो की वेलास्केझ लांब दांड्याचे ब्रश वापरायचा, म्हणजे कॅनव्हासपासून दूर उभं राहून रंगवता यावं. मी जुन्या ब्रशला वेळूची काठी सुतळीने बांधली. पहिला अर्धा तास हसण्यात गेला. मग लक्षात आलं की काठीच्या टोकाने गिरवता येतच नाही. फटकारा जिथे पडला तिथे पडला. केसांची पार्श्वभूमीशी मिळणारी कड मला आठवडाभर जमत नव्हती, दर वेळी कात्रीने कापल्यासारखी. काठीने ती पाच मिनिटांत विरघळली, कारण तिला धारदार करण्याची ताकदच माझ्यापाशी नव्हती.

हात मात्र गेला. मूळ चित्रात पोटावरचा हात जेमतेम सुचवलाय, थोडक्यात सोडून दिलाय. थोडक्यात सोडायला बोटांची हाडं आधी पाठ लागतात. माझा हात थोडक्यात नाही, अर्धवट आहे. वेगळा अभ्यास करावा लागेल, या चित्रात नाही.

२८ सप्टेंबर

आज काम नाही, वाचन. हे चित्र १९ मार्च १६५० रोजी रोमच्या पँथिऑनमध्ये लोकांसमोर मांडलं होतं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला वेलास्केझने पारेहाच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, तीही अट घालून: आणखी चार वर्षं सेवा. म्हणजे ती नजर मी रंगवते आहे तेव्हा तो अजून कुणाच्या तरी मालकीचा आहे.

नंतर तो स्वतंत्र चित्रकार म्हणून जगला. त्याचं 'संत मॅथ्यूला बोलावणं' हे १६६१ चं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात डाव्या टोकाला त्याने स्वतःला उभं केलंय, हातात सहीचा कागद. मी ते वेलास्केझच्या चित्राशेजारी स्क्रीनवर लावलं. स्वतःच्या हाताने रंगवलेला पारेहा बराच उजळ आहे.

मला वाटलं होतं मालकाच्या चित्रापेक्षा त्याच्या स्वतःच्या चित्रात तो जास्त खरा भेटेल. कुठला रंग खरा, हे सुरी लावून ठरणाऱ्यातलं नाही. बराच वेळ दोन्ही तशीच उघडी ठेवली.

६ ऑक्टोबर

शेवटचे हायलाइट. कपाळावरचा, नाकावरचा. मिश्रण तेच, १७ ऑगस्टला पाचव्या वेळी जमलेलं, पण आता ते राखाडी वाटत नाही. शेजारी सगळं बरोबर बसलं की तो रंग त्वचा होतो. कपाळावर जरा जाड ठेवला आणि सोडून दिला. खरं तर सोडून दिला नाही, दोन वेळा हात लावला, दुसऱ्या वेळी कडा मऊ झाली. खरवडायचा मोह टाळला.

१२ ऑक्टोबर

सरांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. डोकं पटलं. खांदा जड. हात "विसरू या". कॉलरपाशी थांबले आणि बोटाने हवेत तीन फटकारे मारून दाखवले, म्हणजे तेवढेच पुरले असते.

मग बारीक ब्रश परत केला. "आता वापर, पण जपून."

कॅनव्हासच्या मागे लिहिलं: वेलास्केझच्या १६५० च्या चित्रावरून नक्कल, आकार ०.८ पट. माझं नाव, तारीख. व्हार्निश सहा महिन्यांनी, तेल पूर्ण घट्ट झाल्याशिवाय नाही. तोवर भिंतीकडे तोंड न करता उजेडात ठेवायचं, अंधारात तेल पिवळं पडतं.

१५ ऑक्टोबर

नवा कॅनव्हास, ४० × ३० सेंमी, आरसा, तेच पाच रंग. खिडकी डावीकडे. स्क्रीन नाही, प्रिंट नाही.

कपाळाचा पहिला रंग मिसळला, सुरीवर घेतला, आरशाजवळ धरून डोळे बारीक केले.

फार गडद.